ह्यांच्या नंबरावरून

गुरुवार, १४ ऑगस्ट

आज घरात नवा मोबाईल आला. काचेचा. साईराजनं बेळगावहून आणून दिला. साईराज माझ्या नणंदेचा, मालुबाईंचा मुलगा. तिथं एका कारखान्यात नोकरीला आहे. जुन्या बटणाच्या फोनची बॅटरी फुगली होती, मागचं झाकण बसत नव्हतं, मी विडीच्या दोऱ्यानं बांधून वापरत होते. तो म्हणाला, "मामी, फोन हाय का विड्यांची जुडी?"

हातात घेतला तर गुळगुळीत. विड्या वळायच्या सुपात ठेवायची भीती, मांडीवर ठेवला तर घसरतो. शेवटी धान्याच्या कणगीवर टॉवेल घालून त्यावर ठेवला.

साईराज म्हणाला, बोट लावलं की फोन उघडतो. माझं बोट लावलं. नाही म्हणाला. पुसून लावलं, दुसरं लावलं, दहाही बोटं झाली. तीस वर्षं पानं वळून बोटांवर रेघ राहिलेली नाही. रेशनच्या दुकानातही हीच तऱ्हा. मग त्यानं फोन माझ्या तोंडासमोर धरला. तोंड बघून उघडला. बोटानं नाही, तोंडानं ओळखते म्हणजे काय जात असेल ही.

सिमकार्ड जुनंच घातलं. साईराज नवं घे म्हणत होता, मी नको म्हटलं. नंबर ह्यांचा आहे. हे जाऊन या श्रावणात दोन वर्षं झाली, तरी मी तो चालू ठेवलाय. कारण एकच. नीलमला हा नंबर पाठ आहे, आठवीपासून. तिला कधी वाटलंच आईला फोन करावा, तर ती हाच लावणार. साईराजला हे सांगितलं नाही. "ऱ्हाऊ दे, सवय हाय," एवढंच म्हटलं.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

साईराज आज परत गेला. जाण्याआधी व्हॉट्सअ‍ॅप घालून दिलं. तिथं आपला फोटो लावायचा असतो. भिंतीवरच्या ह्यांच्या फोटोचा त्यानं फोटो काढला आणि तोच लावला.

मी म्हटलं, "माझा का नको?"

"मामी, नंबर मामाचा. लोकं मामालाच वळखत्यात."

हार दिसत होता, तो कापून टाकला. नुसता चेहरा ठेवला. बाजारात जाताना काढलेला फोटो आहे, टोपी, मिशी, कपाळावर आठी. हार नसला की माणूस आत्ता दारातून आत येईल असा दिसतो.

मग त्यानं खेळ म्हणून मालुबाईंना फोन लावायला सांगितला. त्या दोन घरं पलीकडं राहतात, त्यांना फोन करायची कधी वेळच आली नव्हती. त्यांच्या फोनवर 'भरमूदादा' असं नाव उमटलं आणि त्या ओरडत रस्त्यावर आल्या. "वैनी, दादाचा फोन आला गं!" मग मला दारात फोन घेऊन उभी बघितली. "मेली न्हाईस तू! जीव गेला असता की माझा." शेजारच्या बायका हसल्या. मीही हसले. मालुबाई मात्र हसल्या नाहीत.

रविवार, १७ ऑगस्ट

आज विड्या दिल्या नाहीत, कारखान्याला सुट्टी. दुपारभर फोन बघत बसले.

व्हॉट्सअ‍ॅपात नावांची यादी असते. सिमवर जी नावं होती ती आपोआप आत आली. ह्यांनी ठेवलेली नावं. गाडीवाला, वखार, साईराज, मालू. खाली खाली गेले. नीलम.

मला वाटलं होतं, ह्यांनी तिचा नंबर कधीच पुसून टाकला असेल, म्हणून जुन्या फोनात मी कधी शोधलाच नव्हता. पुसला नव्हता. माणूस किती रागावला तरी आत काहीतरी शिल्लक असतं, असं मला आज पहिल्यांदा वाटलं.

नावाशेजारी लहान गोल फोटो होता. बोट लावलं तर मोठा झाला. नीलम. जाड झालीय. कडेवर पोरगी, तीनेक वर्षांची, दोन शेंड्या, हातात पाव. पोरीचं कपाळ माझ्या आईसारखं रुंद आहे. मला नात आहे हे मला आज काचेतून कळलं.

इथं खोटं लिहायचं नाही असं मी ठरवलंय, म्हणून सगळं लिहिते. नीलम पाच वर्षांपूर्वी एका मुलाबरोबर निघून गेली. कुमार वखारीत वजनकाट्यावर होता. कन्नड घरचा, दुसऱ्या जातीचा. दोघं दावणगेऱ्याला गेले आणि लग्न केलं. दहाव्या दिवशी ह्यांनी वेदगंगेवर जाऊन तिचं सगळं केलं. जिवंत मुलीचं. भटजी यायला तयार नव्हता, तर ह्यांनी स्वतःच पिंड ठेवला. मालुबाई म्हणाल्या, घरातल्या बायकांनी डोक्यावरून पाणी घ्यायचं. मी घेतलं. मला कुणी धरून नेलं नव्हतं. स्वतःच्या पायानं चालत गेले आणि तांब्यानं पाणी घेतलं. ह्यांनी घाटावरूनच तिला फोन लावला. "तुझं पाणी सोडलं आत्ता. तुझी आईबी हितंच हाय." मी तिथंच ओल्या लुगड्यानं उभी होते. बोलले नाही.

दोन महिन्यांनी ह्यांनी गाडी केली आणि दोन माणसं घेऊन दावणगेऱ्याला गेले. तीन दिवस फिरले. पत्ता लागला नाही म्हणून परत आले. पोत्यात ऊस तोडायचे कोयते होते, ते मी धुऊन परत आढ्याला खोचले.

सोमवार, १८ ऑगस्ट

नीलमला लिहिलं.

अक्षरं शोधायला सकाळ गेली. लिहायला मी नीलममुळेच शिकले. ती पहिलीत होती तेव्हा तिच्या पाटीवर, ती झोपल्यावर. पण पाटीवर हात चालतो तसा काचेवर चालत नाही. बोट एका अक्षरावर ठेवावं तर शेजारचं उमटतं. म्हणून थोडंच लिहिलं. 'नीलम. फोटो बघितला. पोरगी तुझी काय? आता कुठं राहता? पत्ता पाठव. लवकर यायचं आहे.'

पाठवल्यावर दोन रेघा आल्या. थोड्या वेळानं त्या निळ्या झाल्या. निळ्या म्हणजे वाचलं, असं साईराजनं सांगितलं होतं. माझ्या मुलीनं पाच वर्षांनी माझे शब्द वाचले. मी हातातलं पान खाली ठेवलं आणि नुसती बसून राहिले.

मग मनात आलं, मी खाली नाव लिहिलं नाही. पण लगेच वाटलं, आईचं अक्षर पोरगी ओळखणार नाही काय. आणि मग माझंच मला हसू आलं. फोनमध्ये अक्षर सगळ्यांचं सारखंच.

चार वाजता बघितलं तर फोटो नव्हता. नुसता राखाडी गोल. नवा लावत असेल.

गुरुवार, २१ ऑगस्ट

फोटो अजून आला नाही. मी आणखी तीन वेळा लिहिलं. आता एकच रेघ येते. दावणगेऱ्याला रेंज नसेल.

आज फोनच लावला. एकदा वाजला आणि कन्नड बाई बोलली, तुम्ही लावलेला नंबर कामात आहे. तासानं लावला, कामात. जेवून लावला, कामात. काल-परवा लावला असता तरी हेच झालं असतं वाटतं. नीलम सारखी कुणाशी तरी बोलत असते. परक्या गावात तिनं माणसं जोडलीत. बरं वाटलं.

शनिवार, ३० ऑगस्ट

गणपती बसले, उद्या गौरी येतील. आज विड्यांतल्या चाळीस छाटून परत आल्या. मुकादम म्हणाला, "आक्का, ध्यान कुठं हाय? पान एकीकडं, तंबाखू एकीकडं." ध्यान कुठं आहे ते मला माहीत आहे.

बोलून पाठवता येतं हे कळलं. माईक दाबून धरायचा आणि बोलायचं. माझं बोट घट्ट बसत नाही, मध्येच सुटतं, म्हणून वाक्यं तुटून गेली. मी सांगितलं की घराला पत्रे नवे घातले. शेवग्याचं झाड पडलं. तुझी पुस्तकं मी सगळी वाचली, दहावीची इतिहासाची दोनदा. ह्यांचं काही सांगितलं नाही. असली गोष्ट फोनात सांगायची नसते. ती भेटली की समोर बसून सांगेन. तिला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. हे जाताना मालुबाईंना बजावून गेले होते, तिला कळवायचं नाही, आणि मालुबाईंनी सगळ्या पै-पावण्यांना बजावलं.

सगळ्याला एकच रेघ.

रविवार, १४ सप्टेंबर

आज पितृपक्षातला ह्यांचा म्हाळ घातला. मालुबाई सकाळीच आल्या. वडे, खीर, भोपळ्याची भाजी. ह्यांचं पान मांडलं. मालुबाई म्हणाल्या, "आणि तिचं?"

मी खीर ढवळत राहिले.

"दादा दरसाल मांडत हुता. आता तो न्हाय म्हणून पोरगी जिती झाली व्हय?"

फोन माझ्या ओच्यात होता. त्यात त्या पोरीला लिहिलेली सतरा पत्रं होती. मी उठले आणि दुसरं पान मांडलं. वाढलं. वर डोळ्याला पदर लावला, तो खीर लागून धूर झाला म्हणून असं सांगितलं.

पत्र्यावर ठेवल्यावर कावळा आधी नीलमच्या पानाला शिवला. मालुबाई म्हणाल्या, "बघ. पावलं तिला." आणि समाधानानं जेवल्या.

मी पानावरून उठले नाही.

मंगळवार, १६ सप्टेंबर

हे नीट लिहायचं आहे.

पलीकडच्या घरची रचना बेळगावला नर्सिंग शिकते. सुट्टीला आली म्हणून भेटायला आली. नीलमपेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, पण तिच्या मागं मागं फिरायची. मी दार ओढून घेतलं आणि फोन तिच्या हातात दिला. म्हटलं, "बाळ, हितनं पुढं जाईना झालंय. रेंजचं काय ते बघ."

तिनं वर सरकवून पहिल्यापासून वाचलं. मग मागं जाऊन माझ्या नंबराला लावलेला ह्यांचा फोटो उघडला.

"काकी, हे तुम्ही लिवलासा?"

"मग कोण लिवणार?"

"तिला कसं कळणार तुम्ही म्हणून? नंबर काकांचा. फोटो काकांचा. आनी पयलंच काय, तर पत्ता पाठव."

मी म्हटलं, "आईबिगर असं कोण इचारतंय?"

रचनानं फोन खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "तिनं तिच्या फोनात हा नंबर बंद करून टाकलाय काकी. रेंज न्हवं. ह्या नंबरावरचं तिला कायबी जात न्हाय. माझ्या फोनवरनं लावू काय?"

मी हो म्हणायच्या आत तिनं लावला. आवाज मोठा करून मध्ये ठेवला. दोनदा वाजला.

"हलो, यारु?"

नीलमचा आवाज. कोण म्हणून कन्नडमध्ये विचारत होती, पण तिचाच.

"नीलीताई, मी रचना. निपाणीची. शेजारची."

मग मराठीत, "नंबर कुठला तुला?"

"काकींच्या फोनमधनं घेतला."

"अप्पा हायत काय तिथं? खरं सांग."

मी पुढं वाकले. "नीलम, मी हाय. आई."

मला तिचा श्वास ऐकू येत होता. मग ती बोलायला लागली, एकसारखी, थांबलीच नाही. "आई, त्यास्नी सांग, आमी ती खोली सोडली. फोटो बघितला म्हणं, यायचं हाय म्हणं. चार दिवसांत सामान हलवलं आमी. कुमारनं हुतं ते काम सोडलं. पोरीची शाळा नुकती लागलेली, ती गेली. अजून दारावर कोण आलं की पोरगी खाटंखाली जाती, मीच शिकीवलंय तिला. आता किती बी पत्ता इचारू देत."

"पत्ता मी इचारलेला गं."

"तुझ्याकडनं लिवून घेतला."

"न्हाय गं. ते न्हाईत."

"न्हाईत म्हंजे?"

"गेले. दोन वर्सं झाली. श्रावणात. छातीत कळ आली आनी गेले."

तिकडं एवढी शांतता की रचनानं फोन उचलून बघितला, चालू आहे का. चालू होता. मागून बारीक आवाज आला, "अम्मा, यारु?" माझी नात. नीलम तिला म्हणाली, "यारु इल्ला."

तेवढं कन्नड मला येतं. कुणी नाही.

मी काय बोलायला हवं होतं ते आता सुचतं. तेव्हा तोंडातून जे आलं ते असं आलं. मी म्हटलं, "आंघोळ कर बाळ. उशिरा कळलं तरी डोक्यावरनं पाणी घ्यावं लागतंय. बाप हुता."

नीलम रडली नाही. रागानंही बोलली नाही. भाजीवालीला नको म्हणावं तसं म्हणाली, "मेलेल्या माणसाला सुतक नसतंय आई. माझं पाणी तुमीच सोडलासा. तूबी हुतीस की तिथं."

मी म्हटलं, "व्हय."

"परत फोन करू नको. ह्या नंबरावरनंबी नको," म्हणाली आणि ठेवला.

रचना रडत होती. मी तिला पाणी दिलं.

बुधवार, १७ सप्टेंबर

रचना बेळगावला जायच्या आधी येऊन गेली. म्हणाली, नवं सिम आणून देऊ काय. मी म्हटलं, कुणाला लावू?

ह्यांचा फोटो काढून टाकायला शिकवून गेली. काढला.

पाच वर्षं मी हे धरून चालले होते की तिचं वैर ह्यांच्याशी आहे. मी मध्ये सापडले आहे, आणि हे बाजूला झाले की वाट मोकळी. मी त्या वाटेवर बसूनच राहिले होते, नंबर चालू ठेवून. वाट नव्हतीच. ह्यांना जे कोयते घेऊन जमलं नाही ते मी पत्ता विचारून केलं. तिचं घर उठवलं.

गुरुवार, २५ सप्टेंबर

आठ दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. विड्या वळल्या, दिल्या. फोन कणगीवर असतो. बायका विचारतात काय काय बघतीस, मी म्हणते देव बघते. मोबाईलवर देव असतातच.

शनिवार, २७ सप्टेंबर

सरकारी सर्वे चालू आहे. कन्नड शाळेच्या श्रद्धा टीचर आल्या होत्या. उन्हानं दमलेल्या. दाराला आधीच नंबराचा कागद चिकटवून गेलेत, त्यावरून फोनमध्ये घर उघडतं. माझ्या अंगणात आम्ही चौघी विड्या वळत बसलो होतो, मालुबाईही होत्या.

टीचर पायरीवर बसल्या आणि विचारत गेल्या. नाव, वय, जात, शिक्षण. शिक्षणाला मी म्हटलं, शाळा नाही, पण वाचता येतं. त्या म्हणाल्या, "तसं खान्यात न्हाई आक्का. शाळा न्हाई म्हणूनच टाकते." टाका म्हटलं. नवरा? नाही. कधी वारले? सांगितलं.

"मुलं किती?"

माझ्याआधी मालुबाई बोलल्या. हातातली विडी वळता वळताच. "एक पोरगी हुती. न्हाय आता. पाच वर्सं झाली."

टीचरनं चेहरा पाडला. "अय्यो," म्हणाल्या आणि बोट फोनवर नेलं. "मग हयात शून्य."

ते बोट खाली यायच्या आत मी म्हटलं, "थांबा."

पानं कापणाऱ्या सगळ्या कात्र्या थांबल्या.

"एक. हयात हाय."

टीचरनं माझ्याकडं बघितलं, मालुबाईंकडं बघितलं. "नक्की काय लिहू?"

"मी आई हाय. माझं लिवा. नाव नीलम. अठ्ठावीस पुरी. लग्न झालंय. एक मुलगी हाय तिला."

"मुलीचं नाव?"

"ते मला माहीत न्हाय."

"राहायला कुठं?"

"तेबी माहीत न्हाय."

मालुबाई उठल्या. सूप तिरकं झालं, तंबाखू सांडली, ती गोळा केली नाही. माझ्या डोक्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "दादाचं पान मांडलेल्या हातानं हे सांगालीस? मांडलंस न्हवं तिचंबी, परवा? तवा तोंड कुठं हुतं?"

"हितंच हुतं," मी म्हटलं. "बोलले न्हाय."

"आजपास्नं तुझं माझं संपलं बघ." त्या गेल्या. बाकीच्या दोघी थोडा वेळ खाली बघून वळत राहिल्या, मग एकेक करून काहीतरी काम आठवलं म्हणून गेल्या. माझ्या अंगणात आता कोण बसायला येईल असं वाटत नाही. साईराजचाही फोन येणार नाही.

टीचरना हे सगळं समजलं की नाही, माहीत नाही. त्यांनी राहिलेलं विचारून घेतलं, पत्रा की कौल, नळ आहे का, संडास आहे का. शेवटी पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर फोन पिशवीत ठेवला आणि सहज म्हणाल्या, यादीतला प्रश्न नव्हता तो, "येती काय मग लेक तुमची, सणासुदीला?"

"न्हाय," मी म्हटलं.